डेम्लो संख्या १२३४५६७८९८७६५४३२१ : हातचा न आल्याने काय काय घडतं

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

१११११११११ ला १११११११११ नेच गुणलं की १२३४५६७८९८७६५४३२१ येतं. आपल्यापैकी बहुतेकांनी हे शाळेत कधी ना कधी पाहिलंय, ‘वा!’ म्हटलंय आणि विषय तिथेच सोडलाय. मला तो सोडवत नाही. या सतरा अंकी संख्येत जितकं शिरावं तितकं सापडत राहतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं एकाच प्रश्नावर येऊन थांबतं: बेरीज करताना हातचा आला की नाही?

उभा गुणाकार मांडून बघा. नऊ एकांना जागा फार लागते, म्हणून इथे चारच घेतो. गर्दी होऊ नये म्हणून शून्यं गाळली आहेत, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे.

      ११११
    × ११११
  --------
      ११११
     ११११
    ११११
   ११११
  --------
   १२३४३२१

उजवीकडून पहिल्या रकान्यात एकच १ आहे. दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. पुढे वरच्या ओळी एकेक करून संपत जातात आणि मोजणी उतरणीला लागते. म्हणजे उत्तरातला प्रत्येक अंक हा त्या रकान्यात किती १ आहेत एवढंच सांगतो. नऊ १ घेतले की मधल्या रकान्यात नऊ १ जमतात, आणि ९ हा एका घरात मावणारा शेवटचा अंक. हातचा कुठेच येत नाही, म्हणून चढण आणि उतरण दोन्ही शाबूत राहतात.

आता दहा १ घ्या. मधल्या रकान्यात १० जमतात: ० लिहा, हातचा १. डावीकडच्या रकान्यात ९ होते, त्यात हातचा मिळवून पुन्हा १०: ० लिहा, हातचा १. त्याच्या डावीकडे ८ होते, ते झाले ९. तिथे हातचा थांबला. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या बाजूचा ८ नाहीसा झाला. एका हातच्याने दोन घरं शून्य केली आणि आठाचा नऊ केला.

हाच ८ आणखी एका ठिकाणी नाही. १११११११११ ला ९ ने भागा, १२३४५६७९ येतं. ‘सगळे अंक आहेत, फक्त ८ नाही’ म्हणून ही संख्या कोड्यांच्या पुस्तकांत असते, पण ८ का नाही ते तिथे सांगत नाहीत. १ भागिले ८१ करून बघा: ०.०१२३४५६७९०१२३४५६७९... इथेही ८ नाही. १/८१ हा १/९ चा वर्ग, आणि १/९ म्हणजे ०.१११११... कधीच न संपणारे एक. त्यांचा वर्ग करताना रकान्यांत १, २, ३ असं करत ९ आणि मग १०, ११ जमत जातात. १० आले की हातचा ९ कडे जातो, नवाचे दहा होतात, पुन्हा हातचा ८ कडे, आठाचा नऊ. वरचीच हकिगत.

आता मला स्वतःला सर्वांत आवडणारी गोष्ट. १११११११११ = ९ × १२३४५६७९, म्हणून आपली संख्या म्हणजे ९९९९९९९९९ × १२३४५६७९. आणि नऊ नवांनी गुणणं म्हणजे नऊ शून्यं चढवून मूळ संख्या वजा करणं:

१२३४५६७९००००००००० − १२३४५६७९ = १२३४५६७८९८७६५४३२१

ही वजाबाकी हाताने करा. आठ अंकी संख्येतून चढणही आली आणि उतरणही आली. शिवाय आपल्या संख्येचे दोन तुकडे केले, डावे आठ अंक १२३४५६७८ आणि उजवे नऊ अंक ९८७६५४३२१, तर त्यांची बेरीज ९९९९९९९९९ येते.

या कुटुंबाला (१, १२१, १२३२१, १२३४३२१...) ‘वंडरफुल डेम्लो नंबर्स’ हे नाव दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी दिलं. १९०५ साली डहाणूला जन्म, फर्ग्युसन कॉलेजात शिक्षण, १९२७ मध्ये रँग्लर परांजपे गणित पारितोषिक, आणि मग १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर. ६१७४ या ‘कापरेकर स्थिरांका’मुळे ते जगाला माहीत झाले, तेही बरंच उशिरा, १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये लिहिल्यावर. डेम्लो संख्यांवरचं त्यांचं लिखाण त्याच्या कितीतरी आधीचं, १९३८ सालचं. हातात संगणक नाही, विद्यापीठाची जागा नाही, कागद आणि शिसपेन्सिल एवढंच. म्हणून या धाग्यावरचं प्रत्येक विधान कागदावर पडताळता येईल असंच असावं, अशी माझी विनंती आहे.

कुणाला या संख्येत आणखी काही दिसतंय का?

---

डोंबिवलीकर

लेख वाचून फार आनंद झाला. एक भर घालतो. डेम्लो हे एका रेल्वे स्टेशनचं नाव. तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवर मुंबईपासून ३० मैलांवरचं स्टेशन, म्हणजे आमची आजची डोंबिवली. तिथे कापरेकरांना या संख्यांचा विचार सुचला आणि त्यांनी गावाचं नाव संख्यांना देऊन टाकलं. रोज लाखो लोक त्या फलाटावरून जातात. तिथे एखाद्या भिंतीवर १ पासून १११११११११ पर्यंतचे नऊ वर्ग एकाखाली एक लिहिलेले असावेत असं मला मनापासून वाटतं. नऊ ओळींचा त्रिकोण होतो, लांबूनही दिसेल.

---

चाळीसगावकर

डोंबिवलीकर, तुमची कल्पना उत्तम आहे. मी थोडा मागे जातो.

नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीर नावाचे जैन गणिती होऊन गेले. त्यांच्या ‘गणितसारसंग्रह’ ग्रंथात गुणाकाराच्या प्रकरणात अशी उदाहरणं आहेत की उत्तर हारासारखं, दोन्ही बाजूंनी सारखं दिसावं. त्यातलं एक उदाहरण १२३४५६७९ × ९. म्हणजे पाटीपेन्सिल यांनी वर दिलेला तो ‘आठ नसलेला’ आकडा अकराशे वर्षांपूर्वी आपल्याकडे गुणाकाराच्या सरावासाठी दिला जात होता. दुसरं उदाहरण २७९९४६८१ × ४४१, उत्तर १२३४५६५४३२१. एकापासून चढत सहापर्यंत जाणारी आणि मग त्याच क्रमाने उतरणारी राशी, असं तिचं वर्णन आहे. हा आपल्या संख्येचा धाकटा भाऊ, नऊ नव्हे तर सहा एकांचा वर्ग. ४४१ हा २१ चा वर्ग आणि २७९९४६८१ हा ५२९१ चा वर्ग आहे. २१ × ५२९१ = ११११११. म्हणजे महावीरांनी वर्ग फोडून त्याचे दोन गुणक वेगळे केले आणि विद्यार्थ्यापुढे ठेवले. हा गुणाकार विद्यार्थ्याने केला की चूक आहे की बरोबर हे त्याचं त्यालाच कळतं, मास्तरांना विचारावं लागत नाही.

आणखी एक. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकंस्थानापासून अठरा स्थानांची नावं दिली आहेत: एक, दश, शत, सहस्र, अयुत, लक्ष, प्रयुत, कोटी, अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. आपली संख्या सतरा अंकी, म्हणून तिचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानावर पडतो, परार्धाच्या एक पायरी खाली. त्याच हिशेबाने वाचत आलं की २ अंत्य, ३ जलधी, ४ शंकू, ५ महापद्म, ६ निखर्व, ७ खर्व, ८ अब्ज, आणि शिखरावरचा ९ अर्बुदाच्या घरात. मोठ्याने वाचून बघा. आमच्या तालुक्यातल्या पाटणे इथे भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याची नोंद त्यात आहे. तिथे ही नावं मुलांनी पाठ केली असतील.

---

सातवीची बाई

पाटीपेन्सिलदादा, लेख मुलांना वाचून दाखवणार आहे. मी अवयव पाडायला बसले, ते इथे देते.

१११११११११ ची अंकबेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो. शिवाय नऊ एकांचे तीन-तीनचे गट पाडले तर १११ ने भाग जातो: १११११११११ = १११ × १००१००१. पुढे १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७. म्हणून

१११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७

आणि आपली संख्या = ३ चा चौथा घात × ३७ चा वर्ग × ३३३६६७ चा वर्ग. घातांक ४, २, २. प्रत्येकात एक मिळवून गुणाकार केला, ५ × ३ × ३ = ४५. म्हणजे हिला बरोबर ४५ विभाजक आहेत. विषम संख्या येणारच होती, कारण पूर्ण वर्गाच्या विभाजकांची संख्या नेहमी विषम असते.

मुलं हमखास विचारतात की एकांची माळ मूळ संख्या कधी असते. माळेची लांबीच संयुक्त असली तर नाही, हे वरच्या गटांवरून लगेच पटतं. पण लांबी मूळ असली म्हणून माळ मूळ असेलच असं नाही: सात एकांची १११११११ म्हणजे २३९ × ४६४९. दोन एकांची ११ मूळ आहे, त्यानंतर थेट १९ एकांची आणि २३ एकांची. त्यापुढे ३१७ आणि १०३१ एकांची. १०३१ ची सिद्धता १९८६ सालची.

माझी अडचण वेगळीच आहे. ३३३६६७ मूळ आहे हे मी पुस्तकात वाचलंय. वर्गात ते कसं दाखवू? ५७७ पर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून बघायचं म्हटलं तर शंभरावर भागाकार होतात.

---

पाटीपेन्सिल

ताई, सोळा भागाकारांत काम होतं. कसं ते सांगतो.

समजा एखादी मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, म्हणून ९९९९९९९९९ लाही भागते. म्हणजे १ भागिले ती संख्या असा भागाकार केला तर दशांशात नऊ अंकांनी पुन्हा तेच अंक येऊ लागतील. आवर्तन याहून लहान असतं तर ते ९ चा विभाजक, म्हणजे ३ किंवा १ असतं. पण तेव्हा ती मूळ संख्या ९९९ ला भागायला हवी. ९९९ मध्ये ३ आणि ३७ एवढेच मूळ अवयव. ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ नाही. ३७ साठी: १००० ला ३७ ने भागलं की बाकी १, म्हणून १००१००१ ला भागल्यावर बाकी १ + १ + १ = ३. म्हणून ३७ ही नाही. तेव्हा आवर्तन पक्कं ९.

आता फर्मा यांचा प्रमेय: आवर्तनाची लांबी मूळ संख्येपेक्षा एकने कमी असलेल्या संख्येला नेहमी भागते. म्हणजे आपला संशयित वजा १ याला ९ ने भाग जायला हवा. संशयित विषम आहे, म्हणून १८ ने. १८ च्या पाढ्यात एकेक मिळवत चला आणि ५७७ पर्यंतच्या मूळ संख्या उचला:

१९, ७३, १०९, १२७, १६३, १८१, १९९, २७१, ३०७, ३७९, ३९७, ४३३, ४८७, ५२३, ५४१, ५७७

(३७ ही या यादीत बसते, पण तिचा निकाल वर लागलाय.) एवढ्या सोळांनी भागून बघा. १९ ने बाकी ८ उरते, ५७७ ने बाकी १६१. मधले चौदा वर्गात वाटून द्या, एका तासिकेत होतील. एकालाही भाग जात नाही, म्हणून ३३३६६७ मूळ.

आणि मुलांना १ भागिले ३३३६६७ जरूर करायला लावा: ०.०००००२९९७०००००२९९७... आवर्तन नऊ अंकांचं. दशांशात नऊ अंकांचं आवर्तन देणारी ही एकमेव मूळ संख्या आहे, दुसरी नाहीच. तीन अंकांचं आवर्तन देणारीही एकच, ३७. आपल्या संख्येच्या पोटात या दोघी एकत्र आहेत.

---

सातवीची बाई

सोळांची यादी फळ्यावर लिहिणार. फर्मा नववीच्याही पुढचा आहे, पण १९, ३७, ७३ यांची आवर्तनं मुलांनी स्वतः काढली की नियम त्यांना दिसेल. मनापासून आभार.

---

कोडिंगवाला

घाईत दोन गोष्टी. ही संख्या एक्सेलच्या घरात टाका: १२३४५६७८९८७६५४३०० उरेल. शेवटचे २१ गेले. एक्सेल पंधरा अंक जपतं, पुढे शून्यं भरतं. (सोळा अंकी कार्ड क्रमांक एक्सेलमध्ये टाकल्यावर शेवटचा अंक शून्य होतो तो यामुळेच. आधी घराचं स्वरूप ‘टेक्स्ट’ करून घ्यावं.)

जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्येसारखी लिहिली तर १२३४५६७८९८७६५४३२० मिळते, एकाने कमी. तिथे पूर्णांक २ च्या ५३ व्या घातापर्यंतच, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ पर्यंतच बिनचूक राहतात. त्यापुढे काही अंतरापर्यंत फक्त सम संख्या साठवता येतात, आणि आपली विषम आहे. पायथनचे पूर्णांक मात्र हवे तेवढे मोठे होतात, तिथे नऊ एकांचा वर्ग एकही अंक न गमावता येतो. म्हणून पाटीपेन्सिल यांची कागदावर पडताळण्याची अट मला पटली. यंत्राने दिलेले सतरा अंक डोळे मिटून घेऊ नयेत.

---

परखड

लेखन चांगलं आहे, पण मूळ मुद्द्यावर माझा आक्षेप आहे. हे सगळे गुणधर्म संख्येचे नाहीतच, ती दहाच्या पायात (म्हणजे दहा-दहाच्या गटांनी मोजून) लिहिण्याच्या पद्धतीचे आहेत. माणसाला आठ बोटं असती तर हा धागा निघाला नसता. इंग्लिश गणितज्ञ जी. एच. हार्डी यांनी १९४० मध्येच लिहून ठेवलंय की ८७१२ आणि ९८०१ या चार अंकी संख्या स्वतःच्याच उलट्या संख्येच्या पटीत येतात, पण त्यात गणितज्ञाला भावेल असं काही नाही, कोड्यांच्या सदरात शोभेल. तुमची डेम्लो संख्या त्याच पंक्तीतली नाही का?

---

पाटीपेन्सिल

परखड, आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं. आठ बोटं असती तरीही हा धागा निघाला असता, फक्त संख्या वेगळी असती.

आठाच्या पायात सगळ्यात मोठा अंक ७. सात १ घेऊन उभा गुणाकार करा, मधल्या रकान्यात सात जमतील, हातचा येणार नाही, उत्तर १२३४५६७६५४३२१. आपल्या नेहमीच्या दहाच्या भाषेत सांगायचं तर आठाच्या पायातले सात १ म्हणजे २९९५९३, आणि त्याचा वर्ग ८९७५५९६५६४९. दहाच्या पायात या संख्येत काहीच उठून दिसत नाही. आठाच्या पायात ती डेम्लो आहे.

तिथे ‘हरवलेला अंक’ही आहे. आठाच्या पायातल्या १११११११ ला ७ ने भागा: १२३४५७. तिथे ६ नाही. पडताळून बघा, २९९५९३ ÷ ७ = ४२७९९, आणि ३२७६८ + ८१९२ + १५३६ + २५६ + ४० + ७ = ४२७९९. दहाच्या पायात ८ हरवतो, आठाच्या पायात ६. नेहमी शेवटून दुसरा अंक, कारण हातचा जिथे थांबतो ते घर तेच. चाराच्या पायात तीन १ म्हणजे २१, आणि त्याचा वर्ग ४४१ चाराच्या पायात १२३२१ असा लिहिला जातो. (चाळीसगावकरांच्या महावीरांच्या उदाहरणात हाच ४४१ आलाय, पण तो निव्वळ योग.)

हार्डी यांनी निवडलेली उदाहरणं मोजक्या चार अंकी संख्या तपासून संपणारी होती. इथे एक विधान आहे: पाया कोणताही घ्या, त्याहून एकने कमी इतके १ घ्या, त्यांचा वर्ग डेम्लो असतो. आणि वर ताईंना उत्तर देताना आपण आवर्तनावरून फर्मापर्यंत जाऊन पोचलोच. दहाचा पाया हे दार आहे. आतली जागा त्याच्या मालकीची नाही.

---

परखड

आठाच्या पायातलं १२३४५७ मी स्वतः करून बघितलं. सर्व पायांसाठीचं विधान मला मान्य आहे. हेच मूळ लेखात हवं होतं, तो अधिक भक्कम झाला असता.

---

नाशिकची लेक

परखडदादा, विधान सर्व पायांना लागू होतं म्हणूनच आणखी एक सांगते. कापरेकर आमच्याकडचे, म्हणून त्यांनीच शोधलेल्या इतर कसोट्या मी या संख्येला लावून पाहिल्या.

पहिली, हर्षद संख्या. अंकबेरजेने संख्येला भाग गेला की ती हर्षद. आपल्या संख्येची अंकबेरीज १ पासून ९ पर्यंत ४५, उतरणीची ३६, एकूण ८१. आणि संख्या ३ च्या चौथ्या घाताने, म्हणजे ८१ ने, भागली जाते हे ताईंनी दाखवलंच आहे. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, हा १२३४५६७९ चा वर्ग. म्हणून ही हर्षद आहे. कुठल्याही पायात अंकबेरीज म्हणजे सर्वांत मोठ्या अंकाचा वर्ग आणि संख्येला तेवढ्यानेच भाग जातो, म्हणजे ती त्या त्या पायात हर्षद असतेच.

दुसरी, स्वयंभू संख्या, जिला देवळाली संख्याही म्हणतात. एखादी संख्या घ्या, तिच्यात तिचीच अंकबेरीज मिळवा, नवी संख्या मिळते. १५ मध्ये १ + ५ मिळवले की २१, म्हणून १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनक नाही, कुठल्याच संख्येतून ती अशी येत नाही. ती स्वयंभू. मग आपली सतरा अंकी संख्या स्वयंभू आहे का?

हे कागदावर सुटतं. जनक आपल्या संख्येपेक्षा फार तर १५३ ने लहान असणार, कारण सतरा अंकांची बेरीज १७ × ९ = १५३ च्या वर जात नाही. म्हणजे पहिले चौदा अंक १२३४५६७८९८७६५४ बदलत नाहीत (३२१ मधून १५३ गेले तरी १६८ उरतात). त्या चौदांची बेरीज ७५. शिवाय नवाच्या कसोटीने जनकाची अंकबेरीज ९ च्या पटीतच हवी. म्हणजे शेवटच्या तीन अंकांची बेरीज ६, १५ किंवा २४ हवी, आणि एकूण ८१, ९० किंवा ९९. ८१ घेतली तर ३२१ − ८१ = २४०, आणि २ + ४ + ० = ६. जमलं! ९० घेतली तर २३१, बेरीज ६, हवी होती १५. ९९ घेतली तर २२२, बेरीज ६, हवी होती २४. म्हणून जनक एकच:

१२३४५६७८९८७६५४२४० + ८१ = १२३४५६७८९८७६५४३२१

आपली संख्या स्वयंभू नाही, पण तिला जनक बरोबर एक आहे, आणि त्या जनकाची अंकबेरीजही ८१ च. त्यालाही ८१ ने भाग जातो, म्हणून तोही हर्षद. पुढे आपल्या संख्येत तिची अंकबेरीज मिळवली की १२३४५६७८९८७६५४४०२, हिची अंकबेरीज पुन्हा ८१, तीही हर्षद. त्याच्या पुढची ...४८३, तिथे बेरीज ९० होते आणि साखळी तुटते, कारण विषम संख्येला ९० ने भाग जाणार नाही.

---

डोंबिवलीकर

लेकी, हे मी पेन्सिल घेऊन ओळ न ओळ तपासलं. तीन हर्षद ८१-८१ च्या अंतरावर आणि मधोमध आपली डेम्लो! कापरेकरांना ही मांडणी आवडली असती.

एक विचारतो. शिखरावर ९ च्या पुढे १० लिहिला आणि मग उतरलो तर? म्हणजे १२३४५६७८९१०९८७६५४३२१. तिच्यात काही आहे?

---

पाटीपेन्सिल

काका, तुम्ही नेमकी जागा पकडलीत. ती मूळ संख्या आहे! वीस अंकी, आणि १ व स्वतः सोडून तिला एकही विभाजक नाही.

मूळ असल्याची पूर्ण सिद्धता संगणकावरच होते, पण लहान मूळ संख्या कागदावर बाद करता येतात. अंकबेरीज ९१, म्हणून ३ नाही. शेवटचा अंक १, म्हणून २ आणि ५ नाहीत. ७, ११ आणि १३ साठी उजवीकडून तीन-तीनचे गट पाडून आलटून पालटून अधिक-उणे करा:

३२१ − ६५४ + ९८७ − ९१० + ६७८ − ३४५ + १२ = ८९

८९ ला ७, ११, १३ यांपैकी कुणीच भागत नाही, म्हणून या वीस अंकी संख्येलाही नाही. ३७ साठी तेच गट नुसते मिळवा: बेरीज ३९०७, ३७ ने भागून बाकी २२. तीही गेली.

नऊवर थांबलं की ४५ विभाजक, आणि मध्ये १० घालून तेच अंक पुन्हा उतरवले की दोनच, १ आणि ती स्वतः. पहिलीत हातच्याचा हिशेब आहे, म्हणून ती उलगडते. दुसरी फक्त अंक शेजारी शेजारी ठेवून केलेली आहे, तिच्यामागे गुणाकार नाही, त्यामुळे ती मूळ का आहे याचं उभ्या गुणाकारासारखं कारण मला देता येत नाही. कुणाकडे असेल तर जरूर लिहा.